पांढऱ्या वाइनमधली ढोबळी मिरची

सॉव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला अनेकदा हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. हा मनाचा खेळ नाही. मेथॉक्सीपायराझीन गटातले एकच संयुग मिरचीत आणि या द्राक्षातही असते. लिटरभर पाण्यात त्याचे जेमतेम दोन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन अब्जांश, मिसळले तरी माणसाच्या नाकाला ते ओळखू येते. द्राक्ष पिकत जाते आणि घडांवर ऊन पडते, तसा हा हिरवा वास ओसरतो.

या वाइनचा दुसरा वास पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटचा. गंमत अशी, की तो द्राक्षाच्या रसात जवळपास नसतोच. गंधकयुक्त थायॉल रेणू तिथे अमिनो आम्लांना बांधलेले, म्हणून गंधहीन असतात. रस आंबताना यीस्ट ती गाठ सोडवते आणि गंध मोकळा होतो. 1990च्या दशकात बोर्दो येथे ताकातोशी तोमिनागा आणि देनी द्युबुर्दिउ यांनी हे कोडे उलगडले.

हे वाण फ्रान्सचे. 1997 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात झालेल्या डीएनए तपासणीत कळले, की लाल वाइनसाठी जगप्रसिद्ध असलेले काबर्ने सॉव्हिन्यों हे काबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ यांच्या संकरातून जन्मले आहे.

सॉव्हिन्यों ब्लाँ वाइनचा प्राण म्हणजे आम्लता. उष्ण हवेत द्राक्षाचा श्वसनवेग वाढतो आणि त्यातले मॅलिक आम्ल खर्च होते. गार रात्री ते टिकते. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात शरद ऋतूतला गारवा हे काम करतो. नाशिकमध्ये तेच काम छाटणीच्या वेळापत्रकातून साधले जाते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि घड पिकतात थंडीत. नाशिकच्या सुला वाइनयार्ड्सने 2000 मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन्सपैकी एक हीच होती.

आता ताटाकडे वळू. लुआरमधल्या साँसेर भागात ही वाइन बनते आणि तिथल्याच शाव्हिन्योल गावच्या शेळीच्या दुधाच्या चीजसोबत प्यायली जाते. चीज आंबूस आणि स्निग्ध. वाइनमधल्या आम्लाने लाळ सुटते आणि जिभेवरचा तुपकट थर हलका होतो. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल, तर मात्र वाइन सपक लागते.

माशांचे गणित वेगळे. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की लाल वाइनमधले लोह सागरी अन्नातल्या स्निग्धांशाशी संयोग पावून उग्र वास निर्माण करते. पांढऱ्या वाइनमध्ये लोह सहसा कमी असते. शिवाय माशाच्या वासाला कारण असलेल्या अमाइन्सचे आम्लामुळे क्षारांत रूपांतर होते आणि ते हवेत उडत नाहीत. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो, त्यामागचे रसायनशास्त्र हेच.

तिखट रश्श्यासोबत मात्र सांभाळावे. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जिभेवरचा जो ग्राहक (रिसेप्टर) चेततो, त्यालाच अल्कोहोल आणखी संवेदनशील करते. त्यामुळे जाळ वाढतो. झणझणीत जेवणासोबत वाइन घ्यायचीच असेल, तर बाटलीच्या लेबलवर आधी अल्कोहोलचे प्रमाण पाहा आणि त्यातल्या त्यात कमी असलेली, किंचित गोडसर वाइन निवडा. जोडी जमवताना किमतीपेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो.