पाते बसते; पण ते योग्य आहे का?

एप्रिल उजाडला, की अमेरिकेच्या उपनगरांतील शनिवार सकाळचा आवाज बदलतो. हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गवतकापणी यंत्रे बाहेर निघतात आणि घराघरांपुढील हिरवळीवर त्यांची घरघर सुरू होते. पुण्या-मुंबईहून मुलांकडे मुक्कामाला गेलेल्या आई-वडिलांना हे दृश्य प्रथम गमतीचे वाटते. आठवडाभर संगणकापुढे बसणारा मुलगा छोटेखानी ट्रॅक्टरवर स्वार होऊन अंगणात फेऱ्या मारत असतो. अंगण अर्ध्या एकराचे, म्हणजे आपल्याकडच्या वीस गुंठ्यांचे झाले, की ढकलत न्यायच्या यंत्राने काम उरकत नाही आणि बसून चालवायचा ‘राइडिंग मोअर’ घरात येतो.

यंत्र घेताना इंजिन, आसन, चाके सारे पारखले जाते. पोटाखाली दडलेल्या पात्यांकडे मात्र ती बोथट होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. मग बदली पात्यांचा शोध सुरू होतो आणि यंत्राच्या कंपनीचे महाग पाते व ‘सर्व यंत्रांना चालणारे’ स्वस्त पाते यांच्यात मन घुटमळते. स्वस्त पाते वाईटच असते असे नाही. परंतु बोल्टवर बसले म्हणजे ते त्या यंत्राचे झाले, हा समज धोक्याचा आहे.

तो का, हे कळण्यासाठी कापण्याची रीत पाहावी लागते. एडविन बडिंग या इंग्रज तंत्रज्ञाने १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या पहिल्या गवतकापणी यंत्रात फिरत्या रुळावरची पाती स्थिर पात्याला घासून कात्रीप्रमाणे गवत कापत. क्रिकेटच्या मैदानांवर आजही त्याच जातीची यंत्रे दिसतात. राइडिंग मोअरचे काम निराळे. त्याचे आडवे पाते कोयत्याच्या फटक्यासारखे गवतावर आदळते. दुसऱ्या बाजूने आधार देणारे काहीच नसते. म्हणून वेग प्रचंड लागतो. अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९ हजार फुटांपेक्षा अधिक असता कामा नये. हा वेग ताशी सुमारे ३४७ किलोमीटर होतो. २१ इंची पाते मिनिटाला साधारण ३,४५० फेरे घेऊ लागले, की ही मर्यादा गाठली जाते. त्याच फेऱ्यांवर अधिक लांब पाते लावले, तर टोकाचा वेग आपोआप वाढतो. या वेगाने निसटलेला पोलादाचा तुकडा किंवा उडालेला खडा किती लांब जाईल आणि ओसरीवर बसलेल्या आजोबांना कोठे लागेल, याचा नेम नाही.

त्यामुळे खरेदीपूर्वी यंत्राचा मॉडेल क्रमांक व जुन्या पात्यावर कोरलेला भाग क्रमांक टिपून घेणे, हा सर्वांत सोपा आणि खात्रीचा मार्ग. क्रमांक पुसला गेला असेल, तर जुने पाते मोजावे. लांबी मधून सरळ मोजायची नसते. एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत तिरकी मोजायची असते. अनेक जण येथेच चुकतात. पाते अर्धा इंच आखूड आले, तर दोन पात्यांच्या मध्ये न कापलेल्या गवताची रेघ उरते. लांब आले, तर ते डेकच्या कडेला किंवा शेजारच्या पात्याला घासते. काही डेकमध्ये पाती एकमेकांशी काटकोनात जुळवून दातेरी पट्ट्याने फिरवलेली असतात. तेथे तर चुकीला जागाच नाही.

मधल्या छिद्राचा आकारही पाहावा. काहींचे छिद्र साधे गोल असते, तर काहींचे ताऱ्यासारखे. हस्कवर्ना आणि जुन्या क्राफ्ट्समन जातीच्या अनेक यंत्रांत तारा पाच टोकांचा, तर एमटीडीच्या अनेक यंत्रांत सहा टोकांचा असतो. वॉशर घालून ‘जमवून घेतलेले’ पाते स्पिंडलवर डगमगते आणि बेअरिंग खाते.

यानंतर प्रश्न येतो तो जातीचा. पात्याची मागची कड जितकी वर वळलेली, तितका वारा अधिक. गवत उभे राहते आणि कापलेले जोराने बाहेर फेकले जाते. गवत पिशवीत गोळा करणाऱ्यांना अशी ‘हाय लिफ्ट’ पाती सोयीची. मात्र त्यांना इंजिनची ताकद जास्त लागते आणि फ्लोरिडासारख्या वाळूच्या जमिनीत तीच पाती वाळूही उचलतात. ही वाळू सरसकागदासारखी पात्याची वळलेली कड झिजवते; तेथे कमी वळणाचे ‘लो लिफ्ट’ पाते बरे. तिसरी जात ‘मल्चिंग’ पात्यांची. ही गवताचा बारीक भुगा करून तो मुळाशीच सोडतात. पोषण जमिनीत परत जाते व पिशव्या भरण्याचा त्रास वाचतो. ओल्या, वाढलेल्या गवतात मात्र ती तुंबतात. वसंतात दर आठवड्याला पाऊस आणि कापणी फक्त पंधरवड्याने, असा प्रकार असेल तर मल्चिंगचा हट्ट सोडावा.

पाते बोथट झाल्याची खूण यंत्रापेक्षा गवतावर आधी दिसते. धारदार पात्याने कापलेले टोक सरळ असते. बोथट पाते ते फाडते. मग दोन दिवसांत साऱ्या हिरवळीवर करडी-तपकिरी छटा येते आणि लोक पाण्याला किंवा खताला दोष देतात. साधारण २० ते २५ तासांच्या वापरानंतर धार पाहावी.

धार लावण्यासाठी कानस पुरते. ग्राइंडर वापरल्यास पाते तापून निळे पडू देऊ नये. तेथील पोलादाचे पाणी उतरते. मूळ उतार, बहुधा ३० अंशांच्या आसपास, तसाच राखावा. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला मोडते. दोन्ही टोकांवरून सारखाच धातू निघाला की नाही, हे पाहायला भिंतीतला एक खिळा पुरे. त्यावर पाते मधल्या छिद्राने अडकवावे. जे टोक खाली झुकेल ते आणखी थोडे घासावे.

काही पात्यांना मात्र धार लावूच नये. वळलेल्या कडेच्या मुळाशी धातू पातळ झाला असेल, चीर दिसत असेल किंवा पाते वाकले असेल, तर ते टाकावे. वाकलेले ठोकून सरळ करणे वा चिरलेले वेल्डिंग करणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. वाक ओळखण्याची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर यंत्र उभे करून एका टोकाची उंची मोजावी, मग पाते अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसऱ्याची. फरक तीन मिलिमीटरहून अधिक भरला, तर नवे पाते आणावे.

बदलण्याआधी चावी काढावी, हातब्रेक लावावा आणि स्पार्क प्लगची तार सोडवावी. १९८२ पासून लागू असलेल्या अमेरिकी नियमानुसार ढकलत्या यंत्राचे पाते मूठ सोडताच तीन सेकंदांत थांबले पाहिजे. राइडिंग मोअरला तो नियम लागू नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही हात घालू नये. खाली मजबूत आधार हवा. जाड हातमोजे घालून, पाते लाकडी ठोकळ्याने अडवून बोल्ट सैल करावा. नवे पाते बसवताना त्याची वळलेली कड वर, डेककडे यायला हवी. उलटे बसलेले पाते फिरते, आवाजही करते, फक्त गवत कापत नाही आणि दुकानदाराशी भांडण होते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावा. पहिली फेरी अंगण रिकामे असताना मारावी. आसन थरथरू लागले, तर पाते तत्काळ बंद करून बोल्ट पुन्हा पाहावा. जुने पाते जाड पुठ्ठ्यात गुंडाळून भंगारात द्यावे. कचऱ्याच्या पिशवीत टाकल्यास ती उचलणाऱ्याचा हात कापतो.