तारणाविना पत

व्ही. शांताराम हे नाव घेताच आठवतो तो दिग्दर्शक. ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘पिंजरा’ यांच्या कीर्तीत त्यांच्यातील नट काहीसा झाकला गेला. तथापि त्यांनी स्वतः रंगविलेल्या तीन भूमिका एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर व्यापारी कुटुंबांनी आवर्जून विचार करावा असे सूत्र त्यांत आढळते.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. वडील जैन, आई हिंदू. बालवयात गंधर्व नाटक मंडळी, पुढे हुबळीच्या रेल्वे कारखान्यातील नोकरी आणि तेथील चित्रपटगृहात पडेल ते काम, असा प्रवास करून ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटात अवघ्या एकविशीतल्या या तरुणाने वृद्ध शेलारमामा उभा केला.

त्यानंतर आला ‘सावकारी पाश’ (१९२५). पौराणिक कथांचा तो काळ. अशा वेळी कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा तरुण शेतकरी शांतारामांनी साकारला. या कथेत कागद आहे, तारण आहे, वसुलीही आहे. नाही तो फक्त विश्वास.

१९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९४२ मध्ये तेथून बाहेर पडून मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. या नावात वडील राजाराम आणि आई कमल या दोघांचीही नावे गुंफलेली आहेत. याच संस्थेच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) मध्ये ते स्वतः डॉ. द्वारकानाथ कोटनीस झाले. धाराशिवकरांचे ज्या सोलापूरच्या पेठेत नित्य येणे-जाणे, त्याच सोलापूरचे हे सुपुत्र. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करीत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले हे देणे होते.

तिसरी भूमिका ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील तुरुंगाधिकाऱ्याची. त्याचे नाव आदिनाथ. जैन वाचकाच्या कानाला ते ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने केलेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी ही कथा रचली. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आदिनाथ माळरानावर नेतो. ना भिंत, ना बेड्या. त्यांच्यावर नजर असते ती त्याच्या दोन डोळ्यांची. कैदी पिकविलेली भाजी वाजवी दराने विकू लागतात. नफा बुडालेला बाजारातला लबाड व्यापारी त्यांना मारहाण करवितो. पण दिलेल्या शब्दाखातर ते हात उगारीत नाहीत. अखेर पिसाळलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथ प्राण गमावतो. या झुंजीच्या चित्रणात शांतारामांच्या डोळ्यालाही गंभीर इजा झाली होती. पुढे या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल लाभले.

तीनपैकी दोन कथांत दोष सावकाराच्या वा व्यापाऱ्याच्या पदरी पडतो, ही गोष्ट पेढीवर बसणाऱ्याला बोचणारीच आहे. परंतु तिचा राग मानण्याचे कारण नाही. खोट्या वजनमापाला आपल्या शास्त्रांनीही अचौर्यव्रताचा अतिचारच म्हटले आहे. शिवाय पत ही मुळात व्यापाराचीच भाषा. शेतकऱ्याला पेरणीपुरते उधार देऊन सुगीपर्यंत थांबणारा दुकानदार त्याची वही पाहतो, तसा त्याचा चेहराही पाहतो. आदिनाथाने सहा गुन्हेगारांना दिली ती हीच पत, तीही तारणाविना.

शांतारामांना १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते निवर्तले. मुलांसह घरी पाहावा असा त्यांचा एकच चित्रपट निवडायचा झाल्यास तो ‘दो आँखें बारह हाथ’ असावा. आणि तो संपल्यावर बाजारातल्या त्या व्यापाऱ्याविषयीही मुलांशी बोलावे.