पाषाण, उष्णोदक आणि निवेदक

जपानच्या क्यूशू बेटावरील बेप्पू या नगरात भूगर्भातील उकळते पाणी आणि वाफ इतक्या विपुलतेने वर येतात की, त्यांतील काही कुंडे स्नानास सर्वथा अयोग्य ठरून केवळ दर्शनासाठी राखून ठेवावी लागली आणि लोकांनी त्यांना ‘नरक’ असेच नाव दिले. या नरकांची परिक्रमा मोटारगाडीतून घडवून आणण्याची तजवीज आबुराया कुमाहाची या हिकमती गृहस्थाने १९२८ साली केली, आणि प्रवाशांना स्थळमाहिती सांगण्याच्या कामी तरुण स्त्रियांची नेमणूक केली. त्या देशात ही प्रथा तेथूनच सुरू झाली असे मानतात. विशेष हे की, या निवेदिका आपली माहिती साध्या गद्यात न सांगता जपानी काव्यातील सात-पाच मात्रांच्या परंपरागत छंदात म्हणत असत. तेव्हा प्रवासी घरी परतताना पाहिलेल्या वाफेच्या लोटांबरोबर ऐकलेली लयही घेऊन जात असला पाहिजे.

सकाळी एखादे प्राचीन मंदिर अथवा किल्ला पाहावा, दुपारी उष्णोदकात स्नान करावे आणि दिवेलागणीला घर गाठावे, अशी एकदिवसीय सहल आज जपानी कुटुंबाच्या सवयीची झाली आहे. इतिहास आणि स्नान यांची ही सांगड पर्यटन-व्यवसायाने अलीकडे घातलेली नव्हे. नारा येथील तोदाइजी या महामठाच्या आवारात भिक्षूंसाठी स्नानगृह आहे. आठव्या शतकातील सम्राज्ञी कोम्यो हिने सहस्र जनांना स्वहस्ते स्नान घातल्याची आख्यायिका त्याच नगरातील होक्केजी मठात आदराने सांगितली जाते. आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीसारखा सत्ताधीश आरिमा येथील उष्णोदकाच्या ओढीने तेथे वारंवार जात असे व त्या स्थानाच्या दुरुस्तीकडे जातीने लक्ष पुरवीत असे.

अशी सहल परभणीहून काढावयाची म्हटली, तर तिच्या पूर्वार्धाची सामग्री आपल्या जिल्ह्यात मुबलक आहे. परभणीहून सुमारे ४५ किलोमीटरवर जिंतूर हा तालुक्याचा कसबा. त्याच्या लगतच्या टेकडीवर नेमगिरीची जैन लेणी आहेत, आणि तेथे पार्श्वनाथांची अजस्र पाषाणमूर्ती एका लहानशा दगडाच्या आधारावर अशी तोललेली आहे की ‘अंतरिक्ष’ हे विशेषण पाहणाऱ्याच्या तोंडून सहज निघावे. गाभाऱ्यांची दारे इतकी ठेंगणी की, कितीही मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागते.

परंतु माझ्या मते दिवसाचा मोठा भाग द्यावा तो चारठाण्याला. जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव एके काळी तीनशे साठ मंदिरांचे होते असे लोक सांगतात; संख्या आख्यायिकेची म्हणून सोडून दिली, तरी चालुक्य-यादव काळातील जे अवशेष आज उभे आहेत तेच एखाद्या नगराच्या वैभवाची साक्ष द्यावयास पुरेसे आहेत. गोकुळेश्वराचे मंदिर आणि त्याची पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी, देवकोष्ठांनी मंडित अशी पुष्करिणी, उकंडेश्वर, नृसिंहतीर्थ, ‘खुराची आई’ या विलक्षण नावाने पुजले जाणारे स्थान, आणि या साऱ्यांत एकाकी उभा असलेला तो उंच, कोरीव पाषाणस्तंभ. पुष्करिणीच्या काठी उभे राहिले म्हणजे ध्यानात येते की, देवालय बांधणाऱ्याने पाणी ही सोयीची बाब म्हणून मागाहून जोडलेली नाही. देवापर्यंत जाण्याची वाटच त्याने पाण्यावरून काढली आहे. जपानी यात्रिकाला जे मठाच्या स्नानगृहात सापडते, ते आपल्या पूर्वजांनी येथे दगडाच्या पायऱ्यांत घडवून ठेवले होते.

राहता राहिले उष्णोदक. ते परभणी जिल्ह्यात नाही, आणि का नाही हे समजून घेण्यासारखे आहे. मराठवाड्याचा काळा पाषाण हा लाव्हारसाचा, तेव्हा येथे जपानप्रमाणे उष्ण झरे का नसावेत, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. परंतु आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवाला. त्याची धग आज कोणत्याही पाण्याला तापवीत नाही. बेप्पूचे पाणी जिवंत ज्वालामुखीच्या सान्निध्याने तापते, तर महाराष्ट्रातील झरे निराळ्याच रीतीने. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला उष्णतामान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांतून खाली मुरते, तेथे तापते, आणि दुसरी एखादी भेग अनुकूल मिळाली की थंड होण्यापूर्वीच त्वरेने वर येते. अशा भेगांची एक माळच वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापुरापर्यंत कोकणात पसरलेली आहे.

येथे जपानच्या १९४८ च्या कायद्याचा दाखला उद्बोधक ठरेल. उगमाशी २५ अंश सेल्सिअस अथवा त्याहून अधिक उष्ण असलेले पाणी त्या कायद्याच्या दृष्टीने उष्णोदकच ठरते. या मापाने पाहू गेल्यास परभणीची कोणतीही सामान्य विहीर त्या पदवीस पात्र होईल, कारण आपल्या भूमीचे वार्षिक सरासरी उष्णतामानच त्या आकड्याच्या पुढे आहे! म्हणून भूवैज्ञानिक झऱ्याची उष्णता त्या त्या प्रदेशाच्या सरासरीशी ताडून पाहतात.

या कसोटीला उतरणारे, मराठवाड्याच्या हद्दीतले स्थान म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील, पैनगंगेच्या खोऱ्यातले उनकेश्वर. लाव्हारसाचे थर पूर्वेकडे पातळ होत जाऊन ज्या टापूत संपतात आणि खालचा अतिप्राचीन खडक उघडा पडतो, त्याच टापूत हा झरा आहे. शरभंग ऋषींच्या देहव्याधीच्या शमनार्थ प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ही धारा काढली, अशी स्थानिक श्रद्धा असून, त्वचारोगांवर गुणकारी म्हणून गंधकयुक्त कुंडात आजही लोक स्नान करतात. शेजारी प्राचीन मंदिर आहे आणि यादवकालीन मराठी शिलालेखही. श्रद्धेचा मान राखून एक गोष्ट मात्र मनापासून सुचवावीशी वाटते. मेइजी काळात एर्विन बेल्ट्झ या जर्मन वैद्याने कुसात्सू येथील पाण्याचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि आज जपानात प्रत्येक स्नानगृहाला पाण्यातील घटकद्रव्ये आणि कोणी स्नान टाळावे यांची सूचना दर्शनी भागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. तसा एक स्वच्छ मराठी फलक उनकेश्वरला लागल्यास हृदयविकाराचा रुग्ण आणि त्वचाविकाराचा रुग्ण, दोघांचेही हित होईल.

परभणीहून चारठाणा आणि उनकेश्वर ही दोन टोके एका दिवसात जोडू पाहणे व्यर्थ आहे. चारठाण्याला हिवाळ्यातला एक रविवार द्यावा. उनकेश्वरासाठी माहूरच्या रेणुकेचे दर्शन जोडून मुक्कामाचा बेत करावा. या दोन्ही ठिकाणी पाषाण आहे, पाणी आहे, वाटही आहे. उणीव आहे ती बेप्पूच्या त्या निवेदिकांची. परभणी ही जनाबाईंची भूमी. गंगाखेडच्या त्या लेकीची वाणी ज्यांच्या आज्यांनी जात्यावर म्हटली, त्या घरांतील मुलामुलींना चार शास्त्रशुद्ध गोष्टी लयीत सांगता येणार नाहीत असे कोण म्हणेल? चारठाण्याच्या शाळेने आणि ग्रामपंचायतीने मनावर घेतले, तर एका हंगामात पाच-सहा तरुण तयार होतील. त्यांनी प्रारंभ त्या स्तंभापासून करावा. कोणी त्याला दीपमाळ म्हणतात, कोणी जैन मानस्तंभ, कोणी विजयस्तंभ. या तिन्ही मतांचे आधार प्रवाशांना नीट समजावून सांगावेत, आणि मग त्यांना घाई न करता त्या स्तंभाभोवती फिरू द्यावे.