खिशात तीन काडतुसं असून भागत नाही

आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे अमेरिकेत असतात. तिकडच्या मित्रांनी बदकांच्या शिकारीला बोलावलं, तर परवान्याइतकाच बंदुकीचा नियमही माहीत हवा.

रानबदकं, कलहंस, होले अशा स्थलांतरित पक्ष्यांसाठी तिथल्या केंद्र सरकारचा कायदा सांगतो की शॉटगनमध्ये एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. म्हणजे चेंबरमध्ये एक आणि मॅगझिनमध्ये दोन. इथं लोक फसतात. "मी तर तीनच भरली होती साहेब" हे उत्तर चालत नाही. किती भरली हे नाही, किती मावतात हे बघितलं जातं. पाच मावणारी बंदूक रिकामी असली तरी शिकारीच्या वेळी ती बेकायदाच.

उपाय स्वस्त आहे: मॅगझिनच्या नळीत लाकडाची किंवा प्लास्टिकची दांडी, म्हणजे प्लग. तो अखंड एका तुकड्याचा हवा आणि बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये. साफसफाईनंतर तो परत बसवायचा राहून जातो, म्हणून निघण्यापूर्वी बंदूक रिकामी करून नकली काडतुसांनी तपासा. मॅगझिनमध्ये तिसरं गेलं, तर प्लग नाही असं समजा.

हा नियम 1935 चा. दुष्काळानं बदकं फार कमी झाली होती, तेव्हा आला. तितर, टर्की यांचे नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे, ते त्या राज्याच्या पुस्तिकेतच बघावेत.

आणि हो, हे सगळं तिकडचं. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानबदकाची शिकार हाच गुन्हा आहे, बंदुकीत काडतूस एक असो वा तीन.