हरलेल्या मुलाला घरी काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या ‘फुटबॉल’चा आणि आपल्या फुटबॉलचा संबंध नावापुरताच. तिकडचा चेंडू लांबट, दोन्ही बाजूंनी टोकदार. पायापेक्षा हाताचाच वापर जास्त. अंगात चिलखतासारखे पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि एकमेकांना धडका देत पुढे सरकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहणार, नाहीतर समोरच्यांना मिळणार. एवढं कळलं की निम्मा खेळ कळला. आता तुम्ही म्हणाल, स्त्रियांच्या पानावर हे कशाला? तर या खेळातला एक उपांत्य सामना आणि त्यानंतरचे नऊ महिने माझ्या मनातून काही केल्या जात नाहीत. खेळामुळे नव्हे, त्यातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांमुळे!

तिकडे कॉलेजच्या मुलांचा फुटबॉल हे मोठं प्रकरण आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या ‘पेन स्टेट’ विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून जास्त माणसं बसतात. हो, कॉलेजच्या सामन्याला! राष्ट्रीय विजेतेपदासाठी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी होती, २०२४ च्या हंगामात प्रथमच ती बारा संघांची झाली. त्यातला एक उपांत्य सामना ९ जानेवारी २०२५ च्या रात्री मायामीजवळ ‘ऑरेंज बोल’ म्हणून खेळला गेला. एका बाजूला पेन स्टेट, दुसऱ्या बाजूला इंडियानातलं नोत्र दाम विद्यापीठ.

माझी धाकटी बहीण पेन्सिल्व्हेनियात असते आणि भाची पेन स्टेटमध्ये शिकते. मी तेव्हा बहिणीकडे होते. बाहेर कडाक्याची थंडी, घरात पोह्यांच्या चिवड्याचं पातेलं मध्ये ठेवून सगळे टीव्हीसमोर. भाची निळा-पांढरा शर्ट घालून बसलेली. ‘‘मावशी, आज बोलायचं नाही हं, फक्त बघायचं,’’ अशी तंबी मला आधीच मिळाली होती.

या सामन्याला एक वेगळं महत्त्व होतं. दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय, त्यामुळे कोणीही जिंकलं तरी कृष्णवर्णीय प्रशिक्षकाचा संघ पहिल्यांदाच या अंतिम फेरीत जाणार होता. नोत्र दामचे मार्कस फ्रीमन यांची आई तर कोरियन. वडील अमेरिकी हवाई दलात, कोरियात असताना दोघांची भेट झालेली. सामन्यानंतर या ‘पहिले’पणाबद्दल विचारलं, तर फ्रीमन यांनी सगळं श्रेय आपल्या मुलांच्या पदरात टाकलं.

नोत्र दामचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, रायली लेनर्ड. त्याच्या आईची गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक सामन्याआधी ती त्याला मेसेज पाठवते. काय? तर, ‘तू अगदीच टाकाऊ आहेस’! ऐकून मला हसूच आवरेना. पण हा मायलेकांचा ठरलेला खेळ आहे. बाहेर हजारो लोक डोक्यावर घेत असताना पोराचे पाय जमिनीवर राहावेत, म्हणून. विचार केला, तर त्यात केवढा विश्वास आहे! आईचं प्रेम सामन्याच्या निकालावर अवलंबून नाही, हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच अशी थट्टा पचते.

याच लेनर्डचं डोकं पूर्वार्धात जमिनीवर आपटलं. त्याला मैदानाबाहेर नेऊन तपासलं, बदली खेळाडू आला. तपासणीनंतर लेनर्ड पुन्हा उतरला. माझी बहीण तेवढा वेळ गप्प होती. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धडकांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि त्या आजाराचं पक्कं निदान अजून तरी मृत्यूनंतरच होतं. ‘‘ताई, मला मुलगा असता ना, तर मी त्याला हा खेळ खेळूच दिला नसता,’’ ती हळूच म्हणाली.

मध्यंतराला पेन स्टेट १०-३ ने पुढे. मग नोत्र दाम पुढे, पुन्हा पेन स्टेट पुढे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत २४-२४ अशी बरोबरी. अवघे ३३ सेकंद उरले असताना पेन स्टेटचा क्वार्टरबॅक ड्रू अॅलर यानं फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं झेलला. सात सेकंद राहिले असताना नोत्र दामच्या मिच जेटरनं ४१ यार्डांवरून किक मारून सामना २७-२४ असा जिंकला. आमच्या घरात सन्नाटा! भाची उठून सरळ वर निघून गेली.

सामन्यानंतर वीस वर्षांचा तो अॅलर पत्रकारांसमोर आला. डोळे भरलेले होते, पण त्यानं कोणाकडे बोट दाखवलं नाही. तो चेंडू बाहेर फेकून द्यायला हवा होता, असं त्यानंच सांगितलं. खरं पाहता, दूरवर पळत जाऊन झेल घेणाऱ्या ‘वाइड रिसीव्हर’ खेळाडूंपैकी एकाच्याही हाती त्या रात्री चेंडू लागला नव्हता. म्हणजे हार अख्ख्या संघाची होती, लक्षात मात्र एकाचीच चूक राहिली.

पुढचं ऐका. अॅलर व्यावसायिक संघाकडे न जाता कॉलेजात आणखी एक वर्ष खेळणार होता. २०२५ च्या हंगामाआधी पेन स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर मानलं जात होतं. पण लागोपाठ पराभव झाले. ११ ऑक्टोबरला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अॅलरच्या पायाला दुखापत झाली, त्याचा हंगाम तिथेच संपला. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढून टाकलं. जानेवारीत अंतिम फेरीच्या दारात असलेली माणसं ऑक्टोबरात नकोशी झाली!

यामागे पैसा आहेच. २०२१ पर्यंत या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे कमाईची परवानगी नव्हती. मग जाहिरातींची मुभा मिळाली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. एका विद्यापीठासाठी पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर! मुलांच्या घामाचा मोबदला त्यांना मिळावा हे योग्यच. पण पैसे मोजले की लोकांना वाटतं, आता याला काहीही बोलायचा हक्क मिळाला.

याच पेन स्टेटमधली एक गोष्ट मात्र फुटबॉलच्या गदारोळात मागे पडली. त्या सामन्याच्या अठरा दिवस आधी, २२ डिसेंबर २०२४ ला, तिथल्या मुलींनी व्हॉलीबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली. मुलींच्या व्हॉलीबॉलची ही स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक. आणि त्या हंगामात त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते! त्यांनी उपचार घेत घेत संघ सांभाळला. माझी भाची हे सांगताना मात्र फुलली होती.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसते. मुलं येतात, निकाल सांगतात आणि हळूच विचारतात, ‘‘काकू, आता घरी कसं जाऊ?’’ गुण कमी पडल्याचं दुःख असतंच, पण त्याहून मोठी भीती घरच्या उंबरठ्याची असते. ‘तुझ्यासाठी एवढा खर्च केला’ हे वाक्य कित्येक घरांत तयार असतं. जणू आपणही पैसे मोजून जागा धरलेले प्रेक्षकच!

मैत्रिणींनो, बाहेरचं जग हिशोब मागणारच. ते मैदानावर मागतं, परीक्षेत मागतं, उद्या नोकरीतही मागेल. घरानं तरी पहिल्या दिवशी मागू नये. चूक काय झाली, हे पोराला आपल्याआधी कळलेलं असतं. त्याची चर्चा चार दिवसांनी करता येते. त्या दिवशी फक्त ताट वाढावं, जवळ बसावं आणि ‘दमलास ना? जेवून घे’ एवढंच म्हणावं.