पिंपलची ट्यूब लावली अन् तोंड आणखी बिघडलं? फेकून देण्याआधी ट्यूबवरचं नाव वाचा

जुन्नर / मंचर : आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. पुतणी अकरावीला. कपाळावर, गालावर पुटकुळ्यांचा नुसता सडा पडलेला. डॉक्टरांनी अ‍ॅडापॅलिन नावाचं जेल लिहून दिलं. रात्री लावायचं, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. दहाव्या दिवशी तोंडाची सालं निघायला लागली, चुरचुर व्हायला लागली आणि होत्या त्यापेक्षा जास्त पुटकुळ्या वर आल्या. वहिनी म्हणाल्या, "बंद कर ते, तोंडाचं वाटोळं झालं." ट्यूब खिडकीत जाऊन पडली. मग शेजारच्या ताईंनी दुसरी ट्यूब सुचवली. ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाली. आठ दिवसांत तोंड गुळगुळीत, वर गोरंही. घरात सगळे खूश.

तीन महिन्यांनी तीच पोरगी उन्हात पाच मिनिटं उभी राहू शकत नव्हती. गाल लालबुंद, आग आग, आणि ट्यूब दोन दिवस बंद ठेवली की पुटकुळ्यांचं मोहोळ.

पहिली ट्यूब बरोबर होती, दुसरी चुकीची. पण लावणाऱ्याला अनुभव येतो तो नेमका उलटा. चांगलं औषध सुरुवातीला त्रास देतं आणि घातक औषध सुरुवातीला सुख देतं. जुन्नर-आंबेगावात अशी अर्धवट पिळलेली ट्यूब घरोघरी खिडकीत सापडेल, म्हणून हा विषय जरा सविस्तर.

पहिली ट्यूब म्हणजे काय?

अ‍ॅडापॅलिन, ट्रेटिनॉइन ही औषधं 'रेटिनॉइड' या गटातली. अ जीवनसत्त्वाशी नातं असलेली. ट्रेटिनॉइन काही आजचं नाही. अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने ते मुरुमांसाठी वापरून पाहिलं आणि १९७१ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. अ‍ॅडापॅलिन त्यानंतरचं, कातडीला त्यातल्या त्यात सौम्य. आपल्याकडे सुरुवातीला बहुतेक वेळा तेच लिहून देतात.

पुटकुळी आज दिसली म्हणजे आज तयार झाली असं नसतं. कातडीवरच्या बारीक छिद्रातून तेल बाहेर येत असतं. आतली मेलेली कातडी सुटून जायच्या ऐवजी चिकटून बसते आणि छिद्राला बूच बसतं. तेल आत तुंबतं, त्यात जंतू वाढतात, सूज येते, मग फोड दिसतो. चारीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं की पाणी मागे तुंबतं, तसंच. रेटिनॉइड हे बूच सोडवतं आणि नवं बसू देत नाही. म्हणजे दिसणाऱ्या फोडावर टिकली लावून उपयोग नाही. जिथे जिथे पुटकुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लागतो.

फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात ते यामुळेच. आत आधीच तयार झालेल्या पुटकुळ्या आपला वेळ घेऊन बाहेर येणारच, काही तर लवकर वर येतात. पहिले दोन ते चार आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते, लाल होते, चुरचुरते. बहुतेक जण इथेच हार मानतात. सहा आठवड्यांच्या आसपास चुरचुर कमी झालेली असते, पण आरशात फार काही दिसत नसतं. तिसऱ्या महिन्यात नवे फोड यायचे कमी होतात. काळे डाग तर त्यानंतरही काही महिने रेंगाळतात. आणि खड्डे पडले असतील तर नुसत्या ट्यूबने ते भरत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

सोलणं आणि थोडी आग हे ठीक. पण डोळे सुजले, पाणी सुटलं, अंगावर गांधी उठल्या किंवा कातडी भाजल्यासारखी झाली, तर ट्यूब बंद करून डॉक्टरांना दाखवा.

लावण्यात चुकतं कुठे?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त लावणं. पूर्ण तोंडाला वाटाण्याच्या दाण्याएवढं जेल पुरतं. दुप्पट लावलं तर दुप्पट लवकर बरं होत नाही, दुप्पट सोलतं. १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर सहज जायला हवी. तुमची दहा दिवसांत संपत असेल तर मात्रा चुकतेय.

पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड लावलं तरी चालतं, असं डॉक्टरच सांगतात. तोंड साध्या साबणाने किंवा फेसवॉशने हलक्या हाताने धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग लावायचं. ओल्या तोंडावर लावलं की चुरचुर वाढते. डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडून द्यायचे. फार कोरडं पडत असेल तर आधी साधं मॉइश्चरायझर लावून वरून जेल लावा. खोबरेल तेल मात्र तोंडाला नको, त्याने छिद्रं बुजतात. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांचे व्हिडिओ रोज फोनवर येतात. सोलत असलेल्या कातडीवर लिंबू चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात.

ज्यांना रात्री लाइट येते त्यांचा प्रश्न वेगळाच. रात्रपाळीचा आठवडा असला की बारा वाजता मोटर चालू करायला जायचं, उसाला पाणी द्यायचं, त्यात बिबट्याची धास्ती. अशा आठवड्यात जेल संध्याकाळी जेवणानंतर लावा, नाहीतर त्या रात्री सोडा. एखादी रात्र चुकली तर काही बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोनदा लावू नका.

बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेलही दिलं असेल तर एक सूचना. त्याने टॉवेल, उशीचा अभ्रा, ड्रेसची कॉलर यांचे रंग उडतात. कातडीचा नाही, कपड्याचा. जुना पंचा वापरा.

ऊन हा खरा अडथळा

शहरातल्या माणसाला डॉक्टर सांगतात, उन्हात जाऊ नका. टोमॅटोच्या तोडणीला गेलेल्या पोरीला हे सांगून काय उपयोग? नारायणगावचा बाजार गाठायचा तर तोडणी थांबत नाही. रेटिनॉइडने वरची कातडी नाजूक होते, ऊन जास्त लागतं आणि काळपटपणा वाढतो. म्हणून सकाळी सनस्क्रीन लावावं, आणि ते परवडत नसेल किंवा घामाने टिकत नसेल तर सुती स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी. स्कार्फ रोज धुतलेला हवा. घामट स्कार्फ तोंडाला घासत राहिला तर तोच पुटकुळ्या वाढवतो. तोंड सोलत असेल त्या दिवसांत फवारणी शक्यतो दुसऱ्याने करावी.

आणखी एक, पार्लरवाल्या ताईंना सांगा की तोंडाला असं जेल चालू आहे. वॅक्सिंग केलं तर वरची कातडीच निघून येते.

आता ती दुसरी ट्यूब

तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हे मिश्रण वांगाच्या डागांसाठी, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. १९७५ मध्ये क्लिगमन यांनीच अशा मिश्रणाचा पहिला नुस्खा मांडला होता. आपल्याकडे मात्र ते गोरं होण्याची क्रीम म्हणून आणि पिंपलवर सर्रास लावलं जातं. गोंधळ इथेच होतो. डब्यावर ट्रेटिनॉइन हे नाव दिसतं आणि माणसाला वाटतं, ही तीच पिंपलची ट्यूब.

स्टेरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून आठवड्यात तोंड स्वच्छ दिसतं. पण महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, तोंडावर लव वाढते, ऊन सोसत नाही आणि पुटकुळ्या नव्याने येतात. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. व्यसनासारखंच चक्र.

हे एका गावापुरतं नाही. देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरांनी सुचवलेलंच नव्हतं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी काउंटरवर काय चालतं, ते वाचकांनी आम्हाला सांगायची गरज नाही आणि आम्ही वाचकांना.

तेव्हा ट्यूब घेताना मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यातलं काही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. अक्षर बारीक असेल तर फोनने फोटो काढून मोठा करून बघा. अशी ट्यूब महिनोन् महिने लावत असाल तर आजच्या आज फेकून देऊ नका. एकदम बंद केल्याने भडका उडतो. ती कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील.

बायांसाठी वेगळी सूचना

दिवस गेले असतील किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल तर रेटिनॉइड लावू नका, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. दुसरे पर्याय आहेत. मोठ्या, गाठीसारख्या पुटकुळ्यांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळ्या बंद केल्यावरही निदान एक महिना दिवस राहू देता येत नाहीत. नव्या सुनेला सासूसमोर हे बोलायची लाज वाटते, त्यामुळे घरातल्यांनी तिला डॉक्टरांकडे एकटीला आत जाऊ द्यावं. पुटकुळ्यांबरोबर पाळी मागेपुढे होत असेल, हनुवटीवर केस येत असतील तर नुसत्या ट्यूबने भागणार नाही, तपासणी करून घ्या.

लग्नसराईत हमखास होणारी घाई म्हणजे हळदीच्या पंधरा दिवस आधी ट्यूब सुरू करायची. त्या मुहूर्ताला तोंड नेमकं सोलत असतं. सुपारी फुटली की लगेच सुरू करा, किमान तीन महिने हाताशी हवेत.

दाखवायचं कुठे?

आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ओपीडीला दाखवा. गरज वाटली तर तिथून पुण्याला ससूनच्या त्वचारोग विभागाकडे पाठवता येतं. भीमाशंकर पट्ट्यातून किंवा माणिकडोहच्या वरच्या गावांतून येणं अवघड असेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवर फोनवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. रेंज मिळेल अशा जागी बसा आणि तोंडावर उजेड पडू द्या. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्या सुद्धा, पिशवीत घालून न्या.

पुतणीने तशाच नेल्या होत्या, पाच निघाल्या. दुसरी ट्यूब सुटायला तिला दोन महिने लागले, त्यानंतर खिडकीतलं तेच अ‍ॅडापॅलिन नव्याने आणून एक रात्र आड सुरू केलं. सध्या नववा आठवडा चालू आहे. कपाळ बरंच साफ झालंय, गालावर अजून चार-दोन आहेत. वहिनी रोज सकाळी तिचं तोंड उजेडात धरून मोजतात.