बुरूज का पडतो?

गटाच्या बैठकीत आपण हप्ता आणि व्याज बोलतो, आज जरा दगडमातीचं बोलू.

चिंचोळी एमआयडीसीजवळच्या आमच्या गटातल्या आम्ही बायका सुट्टीच्या दिवशी नळदुर्गला गेलो. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तासाभराची वाट. किल्ला धाराशिव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठावर. आज दिसणारा दगडी तट मुख्यतः विजापूरच्या आदिलशाहीतला, 16 व्या शतकातला. 1613 च्या सुमाराला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात इथं नदी अडवून बंधारा बांधला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल केला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा!

किल्ल्यात उंचावर उपळी बुरूज आहे. तो तटाला चिकटलेला नाही, एकटाच उभा आहे. वर चढलं की चहूबाजूचा मुलूख दिसतो, म्हणून टेहळणी इथून व्हायची. वर लांब तोफाही आहेत.

बुरूज गोल का? चौकोनाच्या कोपऱ्यावर तोफगोळा बसला तर कोपरा ढासळतो, गोलावरून तो निसटतो. कोपऱ्याआड शत्रूला लपताही येत नाही. अशा बांधकामात बाहेरून घडीव दगड, सांध्यात चुना आणि आत दगडगोट्यांचा भराव असतो.

मग पडतो कशानं? सांध्यात पिंपळाचं रोप रुजतं. मुळं फट मोठी करतात, पाणी शिरतं, चुना धुपतो, भराव फुगतो आणि दगड सुटतो. राहिलेलं आपण नेतो.

होय, आपणच! आपल्या भागात गावोगावी गढ्या आहेत. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि बुरूज. ती माती माळवदावर टाकायला आम्हीही पाट्या भरभरून आणली. परतताना गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, अर्धी गढी माझ्याच माळवदावर आहे!" सगळ्या हसलो, मग गप्प झालो.

माती आपण खालून उकरतो, कारण तिथं हात पोचतो. वरची भिंत अधांतरी राहते. पहिल्या मोठ्या पावसात ती कधी बसेल ते सांगता येत नाही, आणि तिच्याच सावलीला आपली पोरं खेळतात.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय : गढीची माती आणायची नाही, भिंतीतली रोपं लहान असतानाच कापायची, पण जुन्या भिंतीत जोरानं उपटायची नाहीत. आणि हा विषय ग्रामसभेत मांडायचा. तुमच्या गावच्या गढीला एकदा सगळ्याजणी मिळून फेरी मारा. पायथ्याशी खड्डा दिसला, तर पोरांना आधी लांब करा.